मेंढीच्या रक्तातला आकडा

आमच्या डॉक्टर साहेबांचा राग मला अजून येतो, पण स्वतःचा त्याहून जास्त येतो. साठच्या दशकात मी येरमाळ्याकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात रक्त तपासायचो. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरच्या बारीक चौकटींत पांढऱ्या पेशी मोजणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका म्हाताऱ्या धनगराच्या चार मेंढ्या तापानं फणफणल्या. त्यानं त्या कळपातून काढून ओढ्यापलीकडं वेगळ्या बांधल्या होत्या, आणि तिथून दवाखान्यात आणल्या. साहेबांना एकीच्या खुरात काटा सापडला आणि त्यांनी लगेच निकाल दिला: पू झालाय, मलम लावा, कळपात सोडा. पू असेल तर पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात. माझ्या मोजणीत मात्र चारही मेंढ्यांच्या पेशी नेहमीच्या निम्म्यासुद्धा भरेनात.

साहेब म्हणाले, पुन्हा मोज. पुन्हा तेच. मग ते खेकसले, आधी डोळे तपासून घे. तिसऱ्यांदा मी काचेवरची धूळसुद्धा पेशी म्हणून धरली आणि त्यांना हवा तो आकडा लिहून दिला. नोकरी कच्ची होती, हे कारण झालं. मी घाबरट होतो, हे खरं.

म्हाताऱ्याला साहेबांचं बोलणं पटलं नव्हतं. बाहेर येऊन त्यानं मला विचारलं, "रगत तुमी मोजलंय. ह्या चौघी कळपात सोडू का न्हाय?"

मी सोडा म्हणालो.

पंधरवड्यात कळपात मेंढ्यांच्या देवीची साथ पसरली. कोकरांची तोंडं फोडांनी भरली, त्यांना आईला लुचता येईना. कळप अर्धा झाला. साहेबांनी हवेला दोष दिला आणि चहा मागवला.

इंटरफेरॉन हा शब्द मी निवृत्त झाल्यावर एका पुस्तकात वाचला. देवीसारखा विषाणू शिरला की शरीर ते तयार करतं, आणि त्याच्या इशाऱ्यानं पांढऱ्या पेशी काही काळ वाहतं रक्त सोडून शरीरातल्या लसीका गाठींत जाऊन बसतात. म्हणजे माझी पहिली मोजणी बरोबर होती, दुसरीही. मी ते पुस्तक भिरकावून दिलं. तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणून मला सुटता येत नाही. पेशी कमी आहेत एवढं मला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

म्हातारा नंतर एकदा उरलेल्या मेंढ्यांसाठी मलम न्यायला आला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मलमाची डबी धोतराच्या सोग्यात बांधत तो एवढंच बोलला, "म्या बांधल्या हुत्या. तुमी म्हनला म्हून सोडल्या."