तपासणी तिची, सलाईन मला

आता चहा आलाच हाय, तर सांगूनच टाकतो. पण घोट गिळून घ्या आधी, न्हाईतर ठसका लागंल. अशी फजिती दुसऱ्याची असती, तर मी सुद्धा पोट धरून हसलो असतो!

आमच्या वडीगोद्रीला बायांचं शिबिर झालं. आमच्या बायकोनं, शेवंतानं, त्यात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली. थोड्या दिवसांनी आशाताई घरी आली.

"मावशी, काही पेशी बराबर दिसत न्हाईत. जालन्याला दुर्बिणीतून बघून घ्यावं लागंल. भिऊ नका, पेशी अशा दिसल्या म्हणजे कॅन्सरच असतो असं न्हाई."

माझ्या कानात कॅन्सर तेवढा राहिला. पुढचं काय सांगितलं, कुणास ठाऊक! शेवंता त्या दिवशी भाकरी थापता थापता मधीच थांबायची, पिठाच्या हातानं नुसती बसून ऱ्हायची.

मी म्हणलं, "अगं, मी हाय ना! तपासणीतलं मला समदं कळतं."

खोटं न्हाई बोललो. माझी शुगर लई जुनी. रगत द्यायला जाऊन जाऊन दवाखान्यातलं बाकडं सुद्धा मला ओळखतं. गावात कुणाला तपासणीला जायचं असलं, की आधी मला विचारणार. आन माझा सल्ला ठरलेला: तपासणी म्हणलं की उपाशीपोटी!

"पाण्याचा घोट सुद्धा घ्यायचा न्हाई," जालन्याला जायच्या दिवशी मी सकाळीच बजावलं.

"आवं, पर आशाताई तर म्हणत व्हती..."

"आशाताई लेकरू हाय! भरल्या पोटी दुर्बिणीला काय दिसणार? भाकरीच ना?"

शेवंतानं माझ्याकडं बघितलं आन पिशवी भरायला लागली. मला वाटलं, पटलं.

आता बायको उपाशी आन आपण जेवायचं, बरं दिसतं का? म्हणून मी बी उपाशी. पण शुगरची गोळी चुकवायची न्हाई, हा बी माझाच नियम. घेतली!

एस्टीत बसलो, अंबड मागं पडलं आन हात थरथरायला लागले. मला वाटलं, काळजीनं होत असंल. जालन्याला उतरलो, तर घामाच्या धारा. मला वाटलं, ऊन लई हाय. दवाखान्यात बसलो, तर समोरची भिंत हलून राह्यली. मला वाटलं, बांधकाम कच्चं असंल!

शेवंताचं नाव पुकारलं. दारात जाऊन तिनं मागं वळून बघितलं. तोंड एवढंसं झाल्तं. मी उठलो, छाती काढली आन म्हणलं, "जा बिनधास्त. मी हितं ठाम उभा हाय!"

आन आडवा झालो.

डोळे उघडले तवा मी खाटेवर, हाताला सलाईन. सिस्टर विचारून राह्यली, "बाबा, सकाळी काय खाल्लं?"

"गोळी."

"शुगरची? उपाशीपोटी? कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता कुणाचं नाव घेणार? डोळे मिटून घेतले!

तेवढ्यात शेवंता आली. चांगली चालत आली, मागं डॉक्टरीणबाई. मी तिचा हात गच्च धरला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, बघितलं त्यात फार काळजीचं काही दिसलं नाही. छोटासा तुकडा तपासायला पाठवतोय, तो आला की पक्कं कळेल. आणि या तपासणीला उपाशी यायचं नसतं."

माझा जीव कळवळला. "शेवंते, माझ्यापायी उगीच उपाशी ऱ्हायलीस गं!"

"कोण उपाशी? तुम्ही आंघोळीला गेल्ते, तवाच जेवले मी!" तिनं पिशवीतून गूळ-भाकरी काढली. "ही तुमची. आता गुमान खा."

पुढं तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर न्हाई, पण डॉक्टरीणबाईंनी वर्षानं परत दाखवायला सांगितलं. ऐकलं आन दवाखान्याच्या पायरीवरच मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. शेवंता म्हणली, "आता काय झालं? आज तर जेवून आलाव ना?"

गावातल्या बाया अजून बी तपासणीला जायच्या आधी आमच्याच घरी विचारायला येतात. पण मला न्हाई, शेवंताला. ती एवढंच सांगती, "पोटभर जेवून जा, आन नवरा घरी ठेवून जा!"