मामीला हवी होती मरळ

मामा उजनीच्या काठावर मासे धरतो. मामीचं दुखणं वाढलं, जेवण सुटलं, तेव्हा ती त्याला म्हणाली, "अवो, मरळ खावीशी वाटतीया."

मी सुट्टी काढून गेलो होतो, म्हणून चार दिवस त्याच्यासोबत होडीत बसलो. जाळ्यात फक्त बाहेरून आलेली चिलापी आणि काळे, काटेरी सकर मासे. सकर कुणी खात नाही, वर जाळं फाडतो.

"ह्यांनी आपल्या माशांना जागाच ठेवली न्हाय," मामा म्हणाला.

शेवटी त्यानं चिलापीचंच कालवण केलं. मामीनं एक घास खाल्ला. "मरळच हाय की," ती म्हणाली.

ती त्याच काठावर वाढलेली. तिला चव कळली नसेल, असं मला वाटत नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली.