पाटीवाले साडूभाऊ

बीड जिल्ह्यात कुठलंही लेकरू कुठूनही डोक्यावर पडलं, तरी तो आवाज सगळ्यांत आधी आमच्या साडूभाऊंना ऐकू जातो, अशी माझी पक्की समजूत आहे. ते लहान मुलांचे डॉक्टर. बीडमधला त्यांचा दवाखाना उत्तम चालतो, म्हणजे ते तिथं बसले असते तर उत्तम चालला असता. पण डोक्याला मुका मार लागलेलं लेकरू एकदा हाती आलं, की ते पुरतं बरं होईपर्यंत साडूभाऊंना चैन पडत नाही. पर्यायानं मलाही पडत नाही, कारण त्यांना गाडी चालवता येत नाही आणि मी शाळेतून रिटायर झालोय ही गोष्ट ते कधी विसरत नाहीत. लग्नकार्यात चारचौघं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. हे समोरून येणाऱ्या प्रत्येक पोराचं डोकं न्याहाळतात. नांदूरघाटच्या एका लग्नात स्टेजवरून पडलेल्या पोराकडे ते जिलेबीचं ताट सोडून जे धावले, ते पंगती उठल्या तरी परतले नाहीत. आमच्या मेव्हणीबाईंनी त्यांच्या वाटची जिलेबी शांतपणे डब्यात भरली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पर्समध्ये रिकामा डबा बाळगायची सवयच लावून घेतली आहे.

साडूभाऊंचं हत्यार म्हणजे एक टॅबलेट. त्याला ते पाटी म्हणतात, म्हणजे लेकरं बिचकत नाहीत. पाटीवर मांजर दिसलं की झटकन बोट टेकवायचं आणि कुत्रं दिसलं की हात मांडीवर ठेवायचा. मग झाकलेली फळं कुठं कुठं होती ते आठवून दाखवायचं. बोट टेकायला किती वेळ लागला, कुठं चुकलं, हे यंत्र आपलं आपण टिपतं, आणि मागच्या खेपेशी ताडून पाहिलं की मेंदू किती सावरलाय याचा अंदाज येतो. सीटी स्कॅन चांगला निघाला की नातेवाईक सुटलो म्हणतात; साडूभाऊंची काळजी तिथून सुरू होते. "फोटू चांगला आला म्हंजे डोकं चांगलं झालं असं न्हाई," हे वाक्य ते ज्याला त्याला ऐकवतात, आणि कधी कधी ऐकवताना उगाचच माझ्याकडे बघतात.

या पाटीचं सोवळं फार कडक. उपाशी लेकरू चालत नाही, झोपेला आलेलं चालत नाही, शू लागलेलं तर मुळीच नाही. लेकराला गाडीत घालून दवाखान्यात आणायचीही मनाई, कारण आपल्याकडच्या खड्ड्यांतून आल्यावर निरोगी माणसालाही आपलं नाव आठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाटीच लेकराच्या घरी जाते आणि खड्डे माझ्या कंबरेला बसतात. लिंबागणेशला एकदा त्यांनी शेजारची पिठाची गिरणी बंद ठेवायला लावली. दळण घेऊन आलेल्या बायका ताडताड बोलल्या, आणि हे हात जोडून म्हणाले, "माय, लेकराच्या डोक्यात आधीच लई घरघर हाय."

पण खरी डोकेदुखी नातेवाइकांची. चाचणी सुरू झाली की आई "हाण, हाण" करते, आजोबा खोकून खुणा करतात. त्यावर साडूभाऊंचा तोडगा असा, की घरातलं सगळ्यांत बोलकं माणूस आधी पाटीवर बसवायचं. एकदा नातवाला घेऊन बसलेल्या एका वजनदार पुढाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी मोठ्या तोऱ्यात बोट उगारलं आणि समोर येईल त्या चित्रावर टेकवत सुटले. "साहेब, तुमी कुत्र्यालाबी सोडीनात," साडूभाऊ म्हणाले. कार्यकर्ते साहेबांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग साहेबच पोट धरून हसले. "डाक्टर, आमच्या धंद्यात सगळ्यांनाच हात लावावा लागतो." पुढं नातवाची चाचणी संपेपर्यंत साहेब तोंडातून चकार शब्द न काढता बसले होते, जे त्यांच्या कार्यकर्त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि आम्ही शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर गेलो. कोमल नावाची सहा वर्षांची पोर कडब्याच्या गंजीवरून पडली होती, आणि ही आमची तिच्याकडची दुसरी खेप. आई-बाप दोघंही ऊसतोडीला जाणारे. टोळी त्याच दिवशी निघायची होती. भांडीकुंडी, गाठोडी लादलेली ट्रॉली दारात उभी होती. साडूभाऊंनी आधीच बजावून ठेवलं होतं, की पाटी चांगली येईस्तोवर पोरीला ट्रॉलीत बसवायचं नाही. पाटी बिघडली तर कोमलला लांबच्या गावी आत्याकडे ठेवून दोघं जाणार, असं घरात ठरलं होतं. पोर अंघोळ करून, वेणी घालून, कुणी न सांगता पाटीसमोर येऊन बसली.

आणि काय तिचं बोट! मांजर दिसायचा अवकाश, टेकलंच. कुत्रं आलं की हात मांडीवर. मागच्या खेपेला चाचपडणारी हीच का ती पोर, असं मला वाटलं. मी तिच्या बापाला म्हणालोही, "झालं काम, बसवा ट्रॉलीत." आईनं पदरानं डोळे पुसले. साडूभाऊ मात्र पाटीकडे बघतच नव्हते. ते नेहमी लेकराच्या तोंडाकडे बघत बसतात. "लई छान," ते म्हणाले, "आता उलटं करू. कुत्र्याला बोट लावायचं, मांजराला न्हाई."

पोरीचं बोट हवेतच राहिलं. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं, आणि तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. बाप गोंधळून म्हणाला, "रोज मोबाइलवर असलाच खेळ खेळायची की. तीच मागं लागली, म्हणून भरून दिलता." साडूभाऊंचा आवाज अगदी खाली आला.

"कावून खेळत व्हतीस, माय?"

"पाटी चांगली आली तर आई मला संगं नेती."

"आणि डोकं दुखतंय का?"

"न्हाई," ती डोळे न उघडताच म्हणाली.

आई तिच्या शेजारी येऊन बसली. साडूभाऊ उठून बाहेर गेले. ट्रॉलीपाशी घाई करणाऱ्या टोळीच्या मुकादमाला त्यांनी पोरीची आई इथंच राहील असं सांगितलं. "डाक्टर, तोडीला दोघं लागत्यात, बाई राहिली तर जोडी मोडती," तो कुरकुरला. साडूभाऊंनी त्याच्याशी वाद घातला नाही. नुसते त्याच्यासमोर उभे राहिले आणि पोर बरी झाली की मायलेकींना मी स्वतः आणून सोडतो, हे एकच वाक्य सांगत राहिले. शेवटी कोमलचा चुलता आईच्या जागी यायला कबूल झाला, तेव्हा मुकादमानं मान हलवली. गाडी कोण चालवणार हे मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

आत येऊन साडूभाऊ पोरीसमोर जमिनीवर बसले. "आई हितंच ऱ्हाणार तुज्यापाशी. पाटी कशीबी येऊ दे."

तिनं आधी आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. मग ती म्हणाली, "दुखतंय. रोज दुखतंय."

एवढं बोलून ती आईच्या मांडीवर आडवी झाली आणि बघता बघता झोपली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. बाप निरोप घ्यायला आत आला, पोरीजवळ वाकला आणि तिला हलवणार तेवढ्यात साडूभाऊंनी त्याचा हात धरला. "उठवू नका. ही झोप लई गरजेची हाय." तो क्षणभर तसाच वाकून राहिला, तिच्या कपाळावरचे केस हात न लावल्यासारखे बाजूला केले, आणि निघाला.

ट्रॉली हलली. बाप मागच्या कडेला बसला होता आणि दाराकडे बघत होता. तेव्हा आमचे साडूभाऊ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि लहान लेकरं हलवतात तसा हात खांद्याच्या वर धरून हलवू लागले. बापानंही हात वर केला. धूळ खाली बसली, ट्रॉली दिसेनाशी झाली, तरी ते पोरीच्या वतीनं हात हलवतच होते, आणि मी गाडीत जाऊन बसलो, कारण मला ते पाहवेना.