दार धरणाऱ्या गावातली हजेरी

कंपनीनं मला सोलापुरात राहू द्यायला एकच अट घातली होती: घरातून काम करायचं नाही. घरून काम करणारी माणसं काम करत नाहीत, असं पुण्यातल्या वरच्या मजल्यावर एकदा ठरलं होतं, आणि तिथं एकदा ठरलेलं पुन्हा उघडून बघायची पद्धत नाही. चार जणांत मिळून वापरायचं असतं तसलं एखादं कार्यालय गाठायचं, तिथल्या यंत्रणेनं माझी हजेरी परस्पर पुण्याला कळवायची, आणि हजेरी कमी पडली तर मी बॅग भरून पुण्याला परत यायचं. माझं काम विम्याच्या दाव्यांची पत्रं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिण्याचं. दावा नामंजूर झाला हे माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं की तो कमी भांडतो, असा कंपनीचा अनुभव आहे.

परत जायचं म्हणजे अप्पांना एकटं सोडायचं. अप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. त्यांचा एक डोळा काचबिंदूनं कधीच नेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. गॅस पेटलाय की नाही हे ते बर्नरजवळ हात नेऊन बघायचे. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, "तितं मला वळखतंय कोण? हितं निदान धडपडलो तर उचलणारा नाव घिऊन तरी उचलंल." मी पुण्यात इतकी वर्षं राहिले, पण शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईचं नाव मला तिच्या कुरिअरवरून कळलं होतं.

आमच्या घराजवळ तसलं कार्यालय एकच होतं, पूर्वीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. मालक तिशीतला, बंगळुरात नोकरी करून परत आलेला. वडिलांनी चादरींचे माग विकून शेड त्याच्या हवाली केली. त्यानं एक माग मात्र ठेवला आणि सोनेरी रंग देऊन दारात उभा केला. चालता होता तेव्हा त्याला वेळेवर तेलसुद्धा मिळालं नसेल. आता लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते.

पहिल्या दिवशी मालकानं मला सगळं फिरून दाखवलं. म्हणाला, "ताई, ही नुसती जागा नाही. ही बिल्डिंग विचार करते."

"बरं झालं," मी म्हटलं. "कुणीतरी करायलाच पाहिजे."

तो हसला नाही. मग त्यानं मला मुळापासून समजावलं. दाराशेजारी एक काळी डबी आहे, तिला मोबाइल दाखवला की दार उघडतं आणि मी आले याची नोंद होते. टेबल हवं असेल तर ॲपवर धरायचं. छतावर डोळे बसवलेत, त्यांना खाली माणसाची हालचाल दिसली नाही की ते दिवे आणि एसी बंद करतात. आणि हे सगळं जाऊन एका पडद्यावर उमटतं, त्याचं नाव डॅशबोर्ड. डॅशबोर्ड हा शब्द उच्चारताना तो आवाज जरा खाली आणायचा, गाभाऱ्याशी आल्यासारखा.

मला तंत्रज्ञानाचा राग नाही. माझा राग आहे तो तंत्रज्ञान ज्या माणसांसाठी आणलं त्यांच्याकडं एकदाही न बघता ते आणणाऱ्यांवर. छतावरच्या त्या डोळ्यांना वाटायचं, काम करणारा माणूस हातवारे करत असतो. आम्ही मान खाली घालून काम करणारी माणसं. एखाद्याचा दावा फेटाळायला चार सभ्य वाक्यं शोधत मी निश्चल बसलेली असायची आणि खोली अंधारायची. मग अख्खं सभागृह खुर्चीतल्या खुर्चीत हात वर करून हलवायचं, ज्वारीवरची पाखरं हाकलतात तसं. दिवे लागले की पुन्हा सगळे खाली मान घालून कामाला.

टेबलांची तर आणखी मजा. ॲपवर टेबल धरायचं हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही. सोलापूरच्या माणसानं जन्मभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली. इथंही येणारा आधी खुर्चीवर टॉवेल टाकायचा आणि मग निवांत चहाला जायचा. ॲप सांगायचं सगळी टेबलं मोकळी, आणि बघावं तर एकेका खुर्चीवर आमच्याच गावचा टॉवेल. तो उचलायची हिंमत मालकालाही झाली नाही. मी घरी सांगितलं तेव्हा अप्पा खूश झाले. "रुमाल उचलला की मारामारी हुती," ते म्हणाले. "ते तुमच्या मशिनला कुणीतरी सांगा की."

पण माझं घोडं अडलं ते दाराशी.

आमच्याकडं मागून माणूस येत असताना दार सोडून देणं म्हणजे 'तुझं इथं काही काम नाही' असं तोंडावर सांगणं. सकाळी सगळ्यांत आधी मंद्रूपचे एक काका यायचे, ठिबकच्या नळ्या विकणारे. ते डबीला मोबाइल दाखवून दार उघडत आणि पाठीनं ते धरून उभे राहत. मी रिक्षातून उतरायची. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात डबा आणि पाण्याची बाटली. काका लांबूनच म्हणायचे, "या की ताई, सावकाश या. दार काय पळून चाललंय व्हय?" माझ्या मागून आणखी चार जण यायचे. काका सगळ्यांना आत घेत, प्रत्येकाला जेवणखाण विचारत, आणि मग स्वतः आत येत. मोबाइल काढायची वेळच यायची नाही.

महिना संपला तसं यंत्रणेनं काकांना 'सर्वांत उत्साही सदस्य' म्हणून प्रमाणपत्र पाठवलं. काकांनी ते मोबाइलवर स्टेटसला ठेवलं. मंद्रूपहून अभिनंदनाचे फोन आले. त्यानंतर ते आणखी लवकर यायला लागले आणि दार आणखी मनापासून धरायला लागले.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. कर्मचाऱ्यांचं बघणारी एक मुलगी, बोलायला फार गोड. "मॅम, सिस्टीमप्रमाणे तुम्ही महिनाभर जवळजवळ आलेल्याच नाही."

मी म्हटलं, "मग रोज पत्रं कोण पाठवतंय?"

"पत्रं येतायत मॅम. काम तर छानच आहे. कामाचा इश्यूच नाही. इश्यू प्रेझेन्सचा आहे."

"मी नसताना काम छान होत असेल, तर तुम्हाला माझी गरज काय आहे?"

"बरोबर आहे मॅम," ती म्हणाली. मला वाटलं मुद्दा पोचला. मग म्हणाली, "म्हणूनच मॅम, तुम्ही पुण्यात या. म्हणजे आम्हाला दिसाल." शुक्रवारपर्यंत हजेरीचा खुलासा आला नाही तर सोलापूरची परवानगी रद्द, असं तिनं तितक्याच गोडीनं सांगितलं.

आठवडाभरापूर्वीच अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे होते, आणि बाटली कुठली हे त्यांना अजून दिसत नव्हतं.

मालकाकडं गेले. त्यानं डॅशबोर्ड उघडला. पडद्यावर आमच्या कार्यालयात रोज एकटा एक माणूस येत होता: मंद्रूपचे काका. ते एकटेच सगळं इंटरनेट वापरत होते आणि यंत्रातली सगळी कॉफी पीत होते. त्यांची प्रकृती आणि उत्साह बघून यंत्रणेनं त्यांना जास्तीची बैठकीची खोलीसुद्धा सुचवली होती.

मालकाचा चेहरा उतरला. "टेलगेटिंग होतंय, ताई, एकाच्या नोंदीवर सगळे आत," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की मला वाटलं भिंतीत वाळवी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून दार धरायचं नाही, असा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला. सकाळी मी पोचले तर काकांनी मला बघितलं, डोळे मिटून घेतले आणि दार माझ्या तोंडावर सोडलं. काचेपलीकडं त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांनी घरच्या लेकीला उंबऱ्यावरून परत पाठवलंय. दुसऱ्या क्षणाला त्यांनी दार पुन्हा उघडलं. "न्हाय जमत ताई," म्हणाले. "तुमी मोबाइल काढा, मी धरतो. सगळे येक येक करून डबीला दावा की." तेव्हापासून आमच्याकडं काका दार धरतात, आम्ही रांगेनं डबीला मोबाइल दाखवतो आणि एकेक जण आत जातो. बंगळुरात ही सोय कुणाला सुचली नव्हती.

पुढचं निस्तरलं, पण गेलेला महिना तसाच होता. दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण केव्हाच पुसलं गेलेलं. काका म्हणाले, मी लिहून देतो, शिक्का मारून देतो. पुण्याच्या मुलीनं विचारलं, "ते सिस्टीममध्ये आहेत का?" ते सिस्टीममध्ये होते. सिस्टीममध्ये तेच तर होते. पण माणसाचं सांगणं चालत नाही म्हणाली.

गुरुवारी दुपारी मालक माझ्या टेबलापाशी आला. इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, मागची हजेरी मला हातानं लावता येते."

विचार करणाऱ्या इमारतीच्या पोटात, छतावरच्या डोळ्यांच्या आणि त्या डॅशबोर्डच्या तळाशी, शेवटी एक बटण होतं, आणि ते दाबायला माणूस लागत होता.

"मग मी खरंच आले ते दिवस लाव," मी म्हटलं. "मधले दोन दिवस मी रजा घेतली होती, ते सोडून."

"एकेक दिवस निवडायची सोय वरच्या पॅकेजमध्ये आहे," तो ओशाळून म्हणाला. "आपल्यात फक्त 'सगळे निवडा' आहे."

त्यानं दाबलं. त्या महिन्यात गावच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी एक दिवस अख्खी शेड कुलपात होती, त्या दिवशीही मी हजर झाले. पुण्याहून लगेच उत्तर आलं. खुलासा समाधानकारक, परवानगी कायम, आणि शेवटी हसरा चेहरा. महिनाभर तिथं बसून जे सिद्ध झालं नाही ते एका बोटानं झालं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची किळसही आली.

राहवेना म्हणून मी मुलीला लिहिलं, की त्यातले दोन दिवस मी रजेवर होते, वडिलांचं ऑपरेशन होतं, तेवढी दुरुस्ती करून घ्या. तिचं उत्तर आलं: "मॅम, सिस्टीमप्रमाणे तुम्ही ते दोन्ही दिवस ऑफिसमध्येच होता. रजा परत जमा केली आहे. प्लीज कन्फ्युजन वाढवू नका."

संध्याकाळी अप्पांच्या डोळ्यात थेंब घालताना मी त्यांना हे वाचून दाखवलं. हसतच दाखवलं. म्हटलं, "अप्पा, कंपनीचं म्हणणं आहे, ऑपरेशनच्या वेळी मी तुमच्याजवळ नव्हतेच. तुम्हाला तरी कुठं दिसत होतं? एक डोळा गेलेला, दुसऱ्यावर पट्टी."

अप्पा हसले नाहीत. त्या दोन दिवसांत ते पूर्ण काळोखात होते आणि लहान मुलासारखे घाबरले होते. पाणी प्यायलासुद्धा त्यांनी माझा हात सोडला नव्हता. आता त्यांनी चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"पट्टी डोळ्यावर हुती की गं," ते म्हणाले. "हातावर न्हवती."