प्रॉम्प्टरच्या खिशातली डबी

आमच्या नाटक कंपनीत एक प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचे, वही मांडीवर, आणि नटाची जीभ अडली की पुढचा शब्द हळूच पुरवायचे. आम्ही त्यांना कुजबुजे म्हणायचो. मी आयुष्यभर ज्या टाळ्या घेतल्या, त्यांतल्या निम्म्या त्यांच्या मालकीच्या आहेत.

चाळिशी ओलांडल्यावर त्यांना झटके येऊ लागले. छातीत धडधड, डोक्यात ठणका, सदरा घामानं चिंब, चेहरा पांढराफटक. दहा मिनिटांत सगळं शांत.

"प्रेक्षकांसमोर आम्ही उभे आणि धडकी तुम्हाला?" मी चिडवायची.

"तुमचं पाठांतर माहीत आहे ना, बाई, म्हणून."

ही थट्टा वर्षभर चालली, याची मला आजही लाज वाटते. शेवटी एका डॉक्टरबाईंनी ऐन झटक्यात रक्तदाब मोजला आणि कारण शोधून काढलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यात लिंबाएवढी गाठ झाली होती, क्वचितच कुणाला होणारी. ती लहर येईल तेव्हा रक्तात असा काही रस सोडायची की माणसाचं काळीज पळत सुटावं. आधी काही आठवडे औषधांनी रक्तदाब ताब्यात आणला, मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. पोटावर बटणाच्या काजांएवढी चार भोकं. चौथ्या दिवशी घरी, दीड महिन्यात पुन्हा विंगेत. धडधड गेली ती गेलीच.

"पण अशी गाठ दहा-पंधरा वर्षांनीही परत येते कधीकधी," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "दरवर्षी रक्त तपासायचं."

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकही वर्ष चुकू दिलं नाही. अकरा वर्षं रिपोर्ट स्वच्छ आले. बाराव्या वर्षी त्या रसाचा आकडा वर गेला.

दोघं माझ्याकडे आली.

"काही त्रास होतोय?" मी विचारलं.

"छे. जेवतो, झोपतो, जिने चढतो."

"यांचं काय ऐकता," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या वेळी घामानं निथळत होते, तरी 'उकडतंय' म्हणायचे." बोलता बोलता त्या रिपोर्टचा कोपरा गुंडाळत होत्या, उलगडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "रक्त दिलं त्या दिवशी काही औषध घेतलं होतं?"

"एकही नाही."

"आणि खिशातली ती सर्दीच्या गोळ्यांची डबी?" मी म्हटलं.

"ती औषधात कुठे येते, बाई? ती कामाची वस्तू. चष्म्यासारखी."

मग मीच डॉक्टरबाईंना समजावलं. प्रॉम्प्टर विंगेत शिंकला तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी सकाळीच कुजबुजे नाक मोकळं करणारी गोळी घ्यायचे, सर्दी असो वा नसो. एरवी तपासणी सुट्टीच्या दिवशी असायची. यंदा त्याच दिवशी जादा प्रयोग लागला होता.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या गोळीनं हाच आकडा वाढू शकतो. पण म्हणून गाठ नाहीच, असं मी आज म्हणणार नाही. दोन आठवडे गोळी बंद. मग पुन्हा रक्त."

ते दोन आठवडे वहिनी प्रत्येक प्रयोगाला विंगेत येऊन बसल्या. नवऱ्याच्या कपाळावर घाम दिसतो का, एवढंच पाहत. एका प्रयोगात मी रंगमंचाच्या मधोमध मरून पडले होते, सगळं नाट्यगृह हळहळत होतं, आणि विंगेतून दणदणीत शिंक आली. प्रेक्षक हसले. मी मेलेलीच राहिले. मनात म्हटलं, शिंका हव्या तेवढ्या.

दुसऱ्या तपासणीत आकडा जागेवर आला. "गाठ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या. गोळी मात्र कायमची बंद."

बाहेर येऊन वहिनी बाकावर बसल्या.

"चल ना," कुजबुजे म्हणाले.

"थांबा." त्यांनी हात पुढे केला. "खिशात आणखी काय काय आहे? काढा सगळं."

कुजबुज्यांनी सगळं बाकावर मांडलं: पेन्सिल, खोडरबर, रुमाल, कागदाची पुडी. वहिनींनी पुडी उलगडून वास घेतला.

"लवंगा आहेत. घशासाठी," ते म्हणाले.

"असू देत," वहिनी म्हणाल्या, आणि उठल्या. "पण थांबा, मी आत विचारून येते."