एकही रेघ नसलेला गोल

मंडळी, आज दुपारी टॅब घेऊन शेणव्याच्या एका पाड्यावर गेले होते. ग्राफ डेटाबेस म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे याची नोंद. ती कोड न लिहिता कुणालाही करता यावी, म्हणून वर्षभर मी एक स्क्रीन बनवतेय. घर म्हणजे गोल. एका घरचं माणूस दुसऱ्याच्या शेतावर लावणीला गेलं, की दोन गोलांमध्ये बोटाने रेघ ओढायची.

बचत गटातल्या जनामावशींनी चष्मा पुसला, टॅब मांडीवर घेतला आणि मला काही विचारलंच नाही. पाच मिनिटांत अख्खा पाडा रेघांनी भरला. "यांच्याकडं आमी दोगी गेलो, त्यांच्यातली तिघं आमच्याकडं आली." मी मनातून खूश.

मग त्यांचं बोट कोपऱ्यात थांबलं. "ह्यो गोल कोनाचा गो? याला रेघच नाय."

तो माझा होता. चाचणीसाठी स्वतःचं नाव टाकलेलं, काढायचं राहून गेलं. म्हटलं, "खोडा तो, मावशी."

"खोडायचा कशाला? तुमच्यात लावणीला कोन येतं सांग, मी ओढते रेघ."

आई-बाबा गेल्यापासून सापगावचं आमचं शेत पडीक आहे. मी घरूनच काम करते, दिवसभर दाराची कडी वाजत नाही. मावशी माझ्या गोलावर बोट ठेवून वाट बघत राहिल्या.

तो गोल अजून खोडलेला नाही. तुमच्या गोलापासून पहिली रेघ कुणाकडे जाईल?