बाहेर रडणारं लेकरू

समीक्षकांच्या पुरस्कारासाठी आलेले माहितीपट मी हिंगोलीत घरीच, लॅपटॉपवर पाहिले. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यानंतरही चित्रपट परीक्षणं लिहीत होतो. त्यातून संकलन विभागाच्या समितीत घेतलं गेलं. समितीत आम्ही तिघे. बाकीचे दोघे मुंबईचे.

एक माहितीपट आमच्याच जिल्ह्यातल्या नदीवर होता. चोरून वाळू उपसली जाते, पात्र खोल जातं, काठच्या विहिरी आटतात, एवढाच विषय. गावाचं नाव नव्हतं. बोलणाऱ्या बाईचा चेहरा दाखवला नव्हता. चौकटीत फक्त हळकुंडं निवडणारे तिचे हात. आवाजही बदललेला. तिला विचारलं जातं, गाड्या कोणाच्या? ती सांगू लागते. तेवढ्यात बाहेरून लेकराच्या रडण्याचा आवाज येतो आणि हात थांबतात. संकलक बाईंनी तिथं कट दिलेला नव्हता. हात पुन्हा हलेपर्यंत दृश्य तसंच चालू राहतं.

तो भाग मी पुन्हा लावला. ते लेकरू नव्हतं.

हाच आवाज मी दिवाळीत चुलत बहिणीच्या घरी ऐकला होता. "कोणाचं लेकरू रडतंय?" असं मी विचारलं आणि सगळे हसले. "आमचंच हाय," बहीण म्हणाली. "मिशा फुटल्या, पण रडणं न्हाई गेलं." दाराशी तिचा दीर मोटारसायकल लावत होता. लेकरू रडल्यासारखा वाजणारा हॉर्न त्यानं हौसेनं बसवून घेतला होता. त्याची गाडी वळणावर दिसली की गावातली पोरं ओरडायची, "लेकरू आलं!"

हा दीर वाळूचा टिप्पर चालवतो. घरात सर्वांना ते माहीत आहे, बोलत कोणी नाही. वाळूबद्दल तक्रार करणाऱ्या त्यांच्या गावच्या एका शेतकऱ्याचा हात मोडला होता. कोणी मोडला, हे त्यानंही सांगितलं नाही.

समितीची बैठक ऑनलाइन झाली. ज्येष्ठ समीक्षक त्या दृश्यावर बराच वेळ बोलले. मूल रडतं, आई बोलता बोलता थांबते, सगळा माहितीपट त्या थांबण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या सदस्य बाईंना कट न देण्यातला संयम आवडला होता. या माहितीपटावर मी मत देणार नाही, असं मी सांगितलं.

"का हो?"

"आमच्या जिल्ह्यातला आहे."

एवढंही बोलायला नको होतं, असं नंतर वाटत राहिलं. खरं कारण सांगितलं असतं तर आणखी दोघांना ती बाई कोण ते कळलं असतं.

बहीण आखाडा बाळापूरच्या बाजाराला येते. तिथं तिला गाठलं आणि बाजाराच्या कडेला नेऊन माहितीपटाचं विचारलं.

"व्हय, मीच बोलले," ती म्हणाली. "इहीर आटली, मंग काय करू? तोंड दाखवणार न्हाई म्हणाले, आवाज बदलू म्हणाले. दोन्ही बराबर केलं त्यांनी."

"त्याला बक्षीस मिळेल असं दिसतंय. तू मधेच गप्प बसतेस, त्या जागेसाठी."

ती हसली. "गप बसायचं बी बक्षीस असतंय? मंग आमच्या मालकाला द्या. लग्नापासून बसलेत."

मी हॉर्नचं सांगितलं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"ते बी आलंय त्यात?"

"स्पष्ट ऐकू येतं."

"त्यो दारात आला म्हणून तर मी गप बसले, दादा." ती आजूबाजूला पाहू लागली. "त्याला कळलं तर मालक मधी पडायचे न्हाईत. तेवढा आवाज काढाय लावा."

"काही दिवस हिंगोलीला ये."

"काहून गेली म्हणून इचारतील. मीच ती, हे सांगितल्यासारखं व्हईल."

निकालाआधी स्पर्धकाशी बोलणं नियमात बसत नाही. मी संकलक बाईंना फोन केला. बाहेरचं रडणं काढा, असं सांगितलं.

"त्या रडण्यावरच ते दृश्य उभं आहे," त्या म्हणाल्या.

"ते मूल नाही."

कोण, कुठलं, काहीही न विचारता त्या म्हणाल्या, "काढते."

पुरस्कार त्याच माहितीपटाला मिळाला. समारंभ मी लॅपटॉपवर पाहिला. पडद्यावर तेच दृश्य दाखवलं. हात थांबले, बाहेर शांतता होती. आवाज गेला होता. मग ज्येष्ठ समीक्षक मानपत्र वाचायला उभे राहिले. ते त्यांनी पहिल्या प्रतीवरून लिहिलं होतं. "बाहेर रडणारं मूल आणि आत थांबलेले आईचे हात" असं त्यात होतं. पडद्यावर मूल रडलंच नाही, हे सभागृहात कोणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ते मानपत्र जिल्ह्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागलं. आपल्या नदीच्या माहितीपटाला पुरस्कार, वर अभिनंदन, खाली मानपत्र जसंच्या तसं. बहिणीच्या गावातून ते मला दोघांनी पाठवलं. एकानं खाली लिहिलं होतं, "लेकरू रडलं म्हणे," आणि पुढे हसरे चेहरे.

मी बहिणीला फोन करत राहिलो. उचलला जात नव्हता. शेवटी तिचाच आला. ती हळू बोलत होती.

"दादा, त्यानं हॉर्न बदलला."

"काही बोलला?"

"न्हाई. जेवला आन् आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं. कवाच ठेवत न्हाई त्यो."

"मी आत्ता निघतो. तू..."

तिच्याकडे मोटारसायकल थांबल्याचं ऐकू आलं. हॉर्न एकदाच वाजला, कोणाच्याही गाडीला असतो तसा, साधा. ती बोलायची थांबली. फोन चालू होता. मी कान लावून बसलो. पलीकडून काहीच येत नव्हतं.